कोल्हापूरहून रत्नागिरी : मुक्काम कुठे करावा आणि समुद्राची वेळ कशी साधावी

प्रश्न असा आला आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं कुटुंब, माणसं सहा. त्यात सत्तरीतले आई-बाबा आणि दोन शाळकरी मुलं. डिसेंबरात तीन दिवस मोकळे आहेत, गाडी स्वतःची आहे. गणपतीपुळे करायचंच आहे, पण रत्नागिरी शहरात थांबण्यासारखं काही आहे का, की सरळ पुळ्यालाच खोल्या घ्याव्यात?

दोन्ही मुक्काम रत्नागिरीत करा. पुळ्याला तिसऱ्या दिवशी जा आणि तिथूनच परत फिरा. कोल्हापुरातून कोकणच्या सहली नेणं हे माझं कित्येक वर्षांचं काम आहे, आणि आपल्याकडच्या लोकांची रत्नागिरीशी असलेली ओळख बहुतेक वेळा महामार्गावरच्या हातखंब्याच्या पाटीपुरतीच असते हे मी सतत बघतो. पहाटे निघायचं, पुळ्याचं दर्शन, समुद्रात डुंबणं, पापलेटचं ताट आणि रात्री घाट चढून परत. ज्या गावात टिळक जन्मले, ज्या गावात ब्रह्मदेशाचा राजा तीस वर्षं बंदिवासात राहिला, ज्याच्या एका अंगाला काळी वाळू आणि दुसऱ्या अंगाला पांढरी, ते शहर नुसतं बगल देऊन जायचं म्हणजे फार मोठं नुकसान आहे. शिवाय म्हाताऱ्या माणसांना रोज खोली बदलायला लावणं, सामान काढणं-भरणं, हेच सहलीत सर्वांत जास्त दमवतं. एकाच ठिकाणी दोन रात्री टेकलं की निम्मा शीण वाचतो. शहरात दवाखाने, औषधांची दुकानंही हाताशी असतात. आई-बाबा बरोबर असताना याचा विचार आधी करावा.

आता रस्ता. कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर : वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, घाट उतरून साखरपा, मग नाणीज, पाली, हातखंबा. चौपदरीकरणाच्या कामामुळे या रस्त्यावर कुठे वळवलेली वाहतूक लागेल ते निघायच्या आदल्या दिवशी कुणाला तरी विचारून घ्या. चार तास धरून चला, म्हणजे घाई होत नाही. सहाला निघालात तर आंब्यात चहा-नाश्ता होतो. मुलांना घाटाआधी पोटभर खायला घालू नका. जे काय मिसळ-वडा खायचंय ते साखरप्यात उतरल्यावर. घाटाआधी आलेपाक किंवा आवळासुपारी चघळायला द्या आणि गाडीची काच थोडी उघडी ठेवा. आंब्याहूनच विशाळगडाचा आणि पावनखिंडीचा फाटा फुटतो. येताना ते करू म्हणणारे बरेच भेटतात. करू नका, पावनखिंड ही जाता-जाता उरकायची जागा नव्हे. तिला वेगळा दिवस द्या. मार्लेश्वरचंही तेच. डोंगराच्या पोटातली गुहा, समोर धबधबा, जागा फार देखणी आहे, पण पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. तुमच्या बाबांचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून या खेपेला मी ते सुचवत नाही.

कुठे जायचं याच्याही आधी एक गोष्ट शिकून घ्या, ती म्हणजे भरती-ओहोटीची वेळ काढणं. कोकणच्या सहलीचं वेळापत्रक समुद्र ठरवतो, हॉटेलच्या चेक-इनवर ते बसवलं की फसतं. किनारपट्टीवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या एक साधा हिशेब वापरतात : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, त्या दिवशी पूर्ण भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा-साडेअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण सहलीला एवढं नेमकेपण पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप आतही जातं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाण्याची चढउतार थोडी.

याचा उपयोग काय, तर बघा. तुम्ही पोचाल त्या दिवशी पौर्णिमेच्या जवळची तिथी असेल, तर संध्याकाळी साडेपाच-सहाला समुद्र पार आत गेलेला असतो. ओली, घट्ट वाळू चालायला मिळते, आईबाबांचे पाय रुतत नाहीत, मुलांना शिंपले वेचता येतात, आणि डिसेंबरात सूर्यही सहाच्या सुमाराला बुडतो. ही वेळ भाट्याच्या किनाऱ्यावर घालवा. उलट अष्टमी असेल तर संध्याकाळी सहाला पाणी सुरूच्या झाडांकडे सरकलेलं असतं. मग संध्याकाळ थिबा पॉइंटला किंवा किल्ल्यावर काढा आणि किनारा दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला करा. कॅलेंडर हातात घेऊन तिन्ही दिवसांचे आकडे मुलांकडूनच लिहून घ्या. मुलं हा हिशेब फार आवडीनं करतात आणि मग प्रत्यक्ष पाणी तिथपर्यंत येतंय का, हे बघायला स्वतःहून थांबतात.

पहिला दिवस शहराचा. जेवून दोन घटका पडलात की थिबा राजवाडा. सोमवारी तिथलं संग्रहालय बंद असतं, तेव्हा तुमचा पहिला दिवस सोमवार येत असेल तर दिवसांची अदलाबदल करा. इथे मी थोडं सविस्तर सांगतो, कारण गोष्ट माहीत नसेल तर ही वास्तू म्हणजे नुसती जुनी मोठी इमारत वाटते आणि माणसं वीस मिनिटांत बाहेर पडतात.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. मंडाले ही त्याची राजधानी. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी राज्य घेतलं, राजा-राणीला बोटीत बसवलं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. जागा मुद्दाम निवडलेली. पाठीमागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही. ती यायला पुढे शंभरहून जास्त वर्षं गेली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती १९९८ साली. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की हे गाव जगापासून तुटायचं. इंग्रजांनी ज्या मोगल बादशहाला, बहादूरशहा जफरला, दिल्लीतून उचललं त्याला रंगूनला नेऊन ठेवलं होतं. आणि ब्रह्मदेशच्या राजाला आणलं आपल्याकडे. एकाला दुसऱ्याच्या मुलखात मरायला पाठवायचं. थिबा इथे आला तेव्हा तिशीही गाठली नव्हती. सुरुवातीची बरीच वर्षं त्यानं दुसऱ्या बंगल्यांत काढली. हा राजवाडा बांधून झाला १९१०-११ मध्ये, आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला. म्हणजे ज्याच्या नावानं वाडा ओळखला जातो, तो त्यात जेमतेम पाच-सहा वर्षं राहिला.

आत गेल्यावर लाकूड बघा. सागवानी कोरीव काम, अर्धवर्तुळाकार खिडक्या, त्यांतल्या रंगीत काचा. दुपारी तीननंतर उन्हाचा तिरपा झोत त्या काचांतून जमिनीवर पडतो, तेव्हाच जावं असं मी म्हणतो त्याचं कारण हेच. खालच्या मजल्यावर दिवाणखाना आहे. मागच्या अंगाला बुद्धमूर्ती आहे, तिच्यापुढे जरा थांबा. परमुलखात आणून ठेवलेल्या या घराचा तोच एक स्वतःचा कोपरा होता. वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी आणि तिच्यापुढे समुद्र दिसतो. राजा दुर्बीण लावून बोटी बघत बसायचा असं इथले लोक सांगतात, आणि त्या खिडकीशी उभं राहिलं की ते खरं वाटतं.

राजाला चार मुली. थोरलीचा जीव राजवाड्यातल्याच गोपाळ सावंत या दरवानावर जडला. १९१९ मध्ये राणी आणि मुली ब्रह्मदेशी परतल्या, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच तिचा शेवट झाला. तिची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, कष्टाचं आयुष्य जगली. राजाची नात शेजारपाजारच्या बायकांसारखीच या गावाची होऊन गेली. मुलांना ही गोष्ट राजवाड्याच्या अंगणात सांगा, गाडीत नको. राजाची समाधी शहरातच, राजवाड्यापासून थोड्या अंतरावर आहे. तिथे फारसं कुणी फिरकत नाही. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले, तेव्हा या दुर्लक्षित कोपऱ्याकडे जरा लक्ष गेलं. तुम्ही पाच मिनिटं तरी जाच.

राजवाडा आटोपून जवळच्या थिबा पॉइंटला जा. काजळी नदी समुद्राला मिळते तो सगळा देखावा खाली पसरलेला दिसतो : भाट्याचा पूल, राजिवड्याच्या होड्या, पलीकडे सुरूच्या बनाची काळी रेघ. बसायची सोय आहे, चढ नाही. तुमच्या आई-बाबांसाठी सूर्यास्ताची याहून सोयीची जागा शहरात नाही.

टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्याबरोबर करा, म्हणजे गर्दी नसते. कौलारू, दुपाखी, अंगण-पडवीचं कोकणी घर. २३ जुलै १८५६ चा जन्म, आणि दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीमुळे पुणं. घर लहान आहे, पण कोल्हापूरच्या माणसानं तिथे एक गोष्ट आठवावी. टिळकांना झालेली पहिली शिक्षा कोल्हापूरच्या प्रकरणात होती. आपले छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालल्याबद्दल 'केसरी' आणि 'मराठा'त लिहिलं गेलं, दिवाण बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. पुढच्याच वर्षी महाराज नगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर गेले. आपल्या शाळांत ही हकीकत मुलांना फारशी सांगितली जात नाही. ती सांगायला त्या पडवीसारखी दुसरी जागा नाही.

पतितपावन मंदिर तिथून जवळ. सावरकर रत्नागिरीत १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते, आणि त्यांच्या पुढाकारानं भागोजीशेठ कीर यांनी १९३१ मध्ये हे मंदिर बांधलं, सगळ्या जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश म्हणून. शाहू महाराजांच्या गावचे आपण. त्या काळी अशा मंदिराला काय धाडस लागलं असेल हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. भागोजीशेठ गरिबीतून वर आलेले, रत्नागिरीचेच. किल्ल्यातलं भागेश्वर मंदिरही त्यांचंच.

किल्ला म्हणजे रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंनी समुद्र. गाडी बरीच वर जाते. बालेकिल्ल्यातल्या भगवतीच्या देवळापर्यंत सावकाश पायऱ्या चढता येतात. आई-बाबांनी देवळापर्यंत यावं, मुलांना घेऊन तुम्ही तटावरून फेरी मारावी. एका बाजूला दीपगृह दिसतं आणि दुसऱ्या बाजूला मिरकरवाड्याचं बंदर, त्यात दाटीनं लागलेल्या शेकडो मच्छीमार बोटी आणि त्यांची रंगीबेरंगी निशाणं. मुलं मागे लागली तर सकाळी बंदरावर प्रत्यक्ष घेऊन जा. वास सहन करायची तयारी ठेवा आणि पायात पकड असलेली चप्पल घाला, कारण जमीन कायम ओली असते. लिलाव चालू असताना टोपल्यांच्या मध्ये उभं राहू नका. ती त्या लोकांची धंद्याची वेळ असते, तिथं फोटोसाठी अडवणूक केलेली त्यांना खपत नाही, आणि ते बरोबरच आहे. बाजूला उभं राहून बघितलं तर खूप शिकायला मिळतं. ताजा मासा कसा ओळखायचा तर कल्ला उचलून बघायचा, आत लालभडक हवा. डोळा फुगीर आणि चकचकीत. आणि अंगावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये. पाण्याबाहेर आलेला बांगडा पाठीवर निळा-हिरवा झळकतो, आणि काही तासांतच ती झळाळी मावळते.

मांडवी हा शहराचा रोजचा किनारा. जेट्टी, भेळ, फिरायला आलेली कुटुंबं. इथली वाळू काळी, म्हणून लोक याला काळा समुद्र म्हणतात. उत्तरेला मुरुगवाड्याकडे पांढरा समुद्र. एका संध्याकाळी दोन्हीकडची मूठभर वाळू मुलांना हातात घेऊन बघू द्या. शहरात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथला देवमाशाचा सांगाडा मुलांच्या कायम लक्षात राहतो. सुट्टीच्या दिवशी उघडं आहे का तेवढं विचारून जा.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला निघा. भाट्याचा पूल ओलांडला की उजव्या हाताला लांबच लांब सरळ किनारा आणि झरी विनायक. तिथे नारळ संशोधन केंद्रही आहे. बाबांना शेतीची, झाडांची आवड असेल तर तिथे त्यांचा वेळ चांगला जाईल. पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर. दुपारच्या प्रसादाच्या वेळेत पोचा. पंगतीतली ती साधी गरम खिचडी खाऊन माणूस तृप्त होतो आणि आई-बाबांना बाहेरचं तिखट-तेलकट टाळता येतं. पावसजवळच गणेशगुळे. गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला अशी इकडे म्हण आहे. पुळ्याला जाणाऱ्यानं आधी गुळ्याला यावं, क्रमही बरोबर लागतो. देऊळ शांत, किनाऱ्यावर माणूस विरळा.

पुढे पूर्णगड. मुचकुंदी नदीच्या मुखावरचा आटोपशीर किल्ला, गावातून चालत गेलं की लगेच दरवाजा. इथून पुढे पूल ओलांडून गावखडी आणि मग कशेळी. आई-बाबा दमले असतील तर पूर्णगडाहूनच परत फिरा. पण जमलं तर कशेळी चुकवू नका, आणि कोल्हापूरकरांनी तर नाहीच. इथल्या कनकादित्याच्या देवळात जतन केलेला ताम्रपट आहे शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा, आणि तो देणारा राजा शिलाहार दुसरा भोज. पन्हाळ्यावरून राज्य करणारा आपला भोज राजा! रोज बारा ब्राह्मणांच्या भोजनासाठी त्यानं कशेळी गाव दान दिलं त्याची ती नोंद. आपण तीन-चार तास गाडी हाणत ज्या किनाऱ्याला येतो, तो मुलूख आठशे वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या हुकमतीत होता. घाटावरचं राज्य आणि घाटाखालची बंदरं यांचं नातं इतकं जुनं आहे. सूर्याची मूर्ती प्रभासपाटणहून गलबतातून आली अशी कथा आहे. किनाऱ्यालगतच्या ज्या गुहेत ती आधी ठेवली ती आजही दाखवतात, पण वाट अवघड आहे, वडीलधाऱ्यांनी जाऊ नये. रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो.

कशेळीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. आपल्या मसाई पठारासारखाच हा जांभ्याचा सपाट माळ. त्यावर कोरलेला हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी, मासे कोरले आहेत. कोरीव रेघ उथळ असते, म्हणून भर दुपारी बघाल तर उन्हात सगळं सपाट दिसतं आणि मुलं म्हणतात, कुठंय हत्ती? ऊन कललं की रेघांत सावली भरते आणि आकार उठून येतो. साडेचारनंतर जा. चपला काढून, कडेकडेनं फिरा. रेघा नीट दिसाव्यात म्हणून खडूनं गिरवणं, त्यावर बसून फोटो काढणं हे कुणी करत असेल तर थांबवा. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी सडे पायी तुडवून ही शिल्पं उजेडात आणली, उक्षीसारख्या गावात गावकऱ्यांनी स्वतः पुढे होऊन ती राखली, आणि २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. हजारो वर्षं टिकलेली रेघ एका सुट्टीत झिजायला नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर खोली सोडा आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं, शिरगाववरून आरे-वारेला निघा. हमरस्त्यानं निवळीवरून गणपतीपुळ्याला जाऊ नका, तो रस्ता परतीसाठी ठेवा. आरे आणि वारे, मध्ये डोंगराचं नाक, आणि रस्ता वर चढतो तिथे दोन्ही किनारे एकदम नजरेत येतात. सकाळचं ऊन पाठीवर असल्यानं पाणी हिरवंनिळं दिसतं. वळणावर गाडी उभी करू नका. थोडं पुढे जागा आहे. नेवरे, भंडारपुळे करत पंचवीस किलोमीटरमध्ये गणपतीपुळे. दर्शन नऊच्या आत झालं तर रांग बेताची असते. देव पश्चिमाभिमुख, डोंगर हेच देवाचं रूप मानतात म्हणून प्रदक्षिणा सबंध डोंगराला. ती किलोमीटरभराची फरसबंदी वाट आहे, एका बाजूला समुद्र. आई-बाबांना चालवत असेल तर सकाळच्या गारव्यात ही फेरी फार प्रसन्न होते. संकष्टी येत असेल तर तो दिवस पुळ्यासाठी टाळा, अंगारकी तर नक्कीच.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पुळ्याच्या समुद्रात गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, आणि आरे-वारेला तर पाय भिजवण्यापलीकडे नाहीच. दोन्हीकडे दरवर्षी माणसं बुडतात, आणि त्यांत घाटावरची, चांगलं पोहता येणारी पोरं असतात. पंचगंगेत, रंकाळ्यात पोहून तयार झालेल्या पोराला स्वतःच्या दमावर भरवसा असतो. पण नदीचं पाणी एका दिशेला जातं आणि समुद्र आत ओढतो. किनाऱ्याचा उतार एकाएकी खोल होतो, लाटेनं आणलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात परत फिरतं, आणि त्या पट्ट्यात वरून लाटा कमी फुटत असल्यानं तीच जागा शांत, सुरक्षित वाटते. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारू नयेत, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं, नाही जमलं तर पाठीवर तरंगत हात वर करून हाका मारायच्या. बुडणाऱ्यामागे दुसऱ्यानं उडी टाकायची नाही. दोर, ट्यूब, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकायचं आणि जीवरक्षकांना बोलवायचं. चतुर्थीच्या आसपास भरती तीनला पूर्ण होते. जेवून चारला पाण्यात उतरणाऱ्यांना तेव्हा नेमकं परत फिरणारं पाणी मिळतं. मुलांना खेळू द्यायचं तर ओहोटी संपत आलेली असताना, घोट्याएवढ्या पाण्यात, आणि एक मोठं माणूस कायम त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं.

पुळ्याहून मालगुंड अगदी लागून. केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक तिथे आहे. आईंना कवितेची आवड असेल तर त्या इथून लवकर हलणार नाहीत, तेवढा वेळ हातात ठेवा. जयगड, तिथला किल्ला, कऱ्हाटेश्वर, सगळं चांगलं आहे, पण या खेपेला सोडा. त्या दिवशी कोल्हापूर गाठायचं आहे.

खाण्याबद्दल दोनच गोष्टी. कोकणात तांबडा-पांढरा शोधू नका आणि पापलेटचा हट्ट धरू नका. आज काय आलंय विचारा. बांगडा, सौंदाळे, मुळे जे असेल ते तांदळाच्या भाकरीबरोबर घ्या, वर सोलकढी. घरगुती खानावळीत सकाळीच माणसं किती ते सांगून ठेवलं तर जेवण वेळेवर आणि ताजं मिळतं. शाकाहारींना पुळ्याला उकडीचे मोदक मिळतील. ओल्या काजूची उसळ मात्र फेब्रुवारी-मार्चशिवाय नाही. डिसेंबरात कलमांना कुठे मोहोर फुटायला लागलेला असतो, तेव्हा ताजा हापूस म्हणून कुणी काही दाखवलं तर घेऊ नका. आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी घ्या. आगळ मिठाचं असतं, बाबांना रक्तदाब असेल तर ते लक्षात ठेवून वापरा.

परतताना मालगुंड-पुळ्याहून निवळीला हमरस्त्यावर या, तिथून हातखंबा, पाली, साखरपा. शहरात पुन्हा शिरायची गरज नाही. जेवून एकला निघालात तर चारपर्यंत घाट चढून आंब्यात पोचता. याहून उशीर करू नका. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे गळीत हंगाम. मलकापूरपासून पुढे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यावर असतात, मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या वाड्यांनी, म्हणजे हिरव्या शेंड्यांनी, झाकलेला असतो, आणि अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत ट्रॉली दिसत नाही. आंबा ते वाघबीळ हा टप्पा उजेडात पार करा. चहाला थांबायचं झालं तर वाघबिळाला थांबा.